जाम झालेला नट आणि आपली घाई

सायकलच्या मागच्या चाकाचा नट सोडवताना पाना सटकून तुमच्या बोटांची सालटे कधी निघाली आहेत काय? निघाली असतील, तर जाम झालेला नट म्हणजे काय, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको. निघाली नसतील, तर आज ना उद्या निघतीलच! तेव्हा त्याआधीच या विषयावर चार शब्द बोललेले बरे.

भंडाऱ्याहून नागपूरकडे निघाले की महामार्गावर शहापूर लागते. आषाढाच्या पहिल्या दिवसांत तेथे एका मिस्त्रीच्या दुकानापुढे मला तासभर थांबावे लागले. आजूबाजूला सगळा धानाचा मुलूख. पऱ्हे रोवणीला आलेले, बांध्यांत पाणी साचू लागलेले आणि जो तो चिखलणीच्या घाईत. दुकानापुढे एक जुना, लहान ट्रॅक्टर उभा होता. त्याचे पुढचे चाक डुगडुगत होते. स्टिअरिंगचा एक सांधा झिजला होता, तो बदलायचा होता. पण त्या सांध्याचा नट काही केल्या हलेना. दुकानातल्या पोऱ्याने पान्याला लांब पाइप लावून जोर केला, तेव्हा नट फिरण्याऐवजी त्याचे कोपरेच घासले गेले.

ट्रॅक्टरचा मालक वैतागला. "मिस्त्री, गॅस लावा, लाल करा अन् हाणा घन! परवा चिखलणी आहे माझी."

म्हातारे मिस्त्री शांतपणे म्हणाले, "भाऊ, जोर मलेही आहे. पण हा नट जोरानं नाही, धीरानं निघते. रातभर तेल पिऊ द्या त्याले."

आता सांगा पाहू, या दोघांत बरोबर कोण? मालकाची अडचण खरी होती. पऱ्हे रोवणीसाठी फार दिवस थांबत नाहीत. तरीही माझे मत मिस्त्रींच्या बाजूने आहे. आणि ते केवळ त्यांच्या वयाला मान देण्यासाठी नव्हे. त्यांच्या त्या एका वाक्यात पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र यांचे निदान चार धडे दडलेले आहेत. ते धडे न शिकता जो घन उचलतो, तो नुसता नट बिघडवीत नाही, तर माणसांचे जीव धोक्यात घालतो. कसे, ते पाहू.

प्रथम नट जाम का होतो? लोखंडाचा हवेतील ऑक्सिजनशी आणि पाण्याशी संयोग होऊन गंज तयार होतो, हे तुम्ही पुस्तकात वाचले आहे. पण एक गोष्ट पुस्तकात वाचताना नजरेतून निसटते. जेवढे लोखंड गंजते, त्याच्या दुपटीहून अधिक जागा त्यापासून झालेला गंज व्यापतो. उघड्या पत्र्यावर हा गंज फुगतो, पापुद्रे होऊन गळून पडतो. पण नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमधल्या फटीत तो जाणार कोठे? ही फट मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांची किंवा त्याहूनही कमी असते. गंज तेथे फुगतो आणि पाचर ठोकावी तसा दोन्हींना घट्ट धरून ठेवतो. म्हणजे नट कोणी जास्त आवळलेला नसतो. तो आतून आवळला गेलेला असतो.

धानाच्या बांधीत तर या गंजाचे फावतेच. चिखलणी करताना ट्रॅक्टरचा पुढचा अ‍ॅक्सल चिखलपाण्याने माखून जातो. वरचा चिखल वाळतो, पण आट्यांत शिरलेला ओलावा टिकून राहतो. खताचे कण त्यात मिसळले, तर आणखी भर. पोटॅशच्या खतात क्लोराइड असते आणि क्षारयुक्त पाण्यात लोखंड साध्या पाण्यापेक्षा लवकर गंजते. भंडारा जिल्ह्यात वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. असे दहा-पंधरा पावसाळे पाहिलेला नट एका हिसक्यात सुटावा, ही अपेक्षाच मुळी चुकीची नाही काय?

आता जोराचा हिशेब करू. समजा बोल्ट १६ मि.मी. जाडीचा, म्हणजे साधारण आपल्या बोटाएवढा आहे. पाना ३० सें.मी. लांब आहे आणि आपण त्यावर २० किलोग्रॅम वजनाइतका जोर लावतो. तरफेच्या नियमाप्रमाणे २० गुणिले ३०, म्हणजे ६०० हा त्या जोराचा परिणाम. तोच आता ९० सें.मी.चा पाइप लावला आणि ६० किलो वजनाचा माणूस त्याच्या टोकाला लोंबकळला, तर परिणाम होतो ५४००, म्हणजे नऊपट! बोल्टच्या मध्यापासून आट्यांचे अंतर अवघे ८ मि.मी. तेव्हा आट्यांपाशी हा जोर पावणेसात टनांच्या घरात जातो. एवढ्याने गंज तुटेलच असे नाही. बोल्टच पिळवटून तुटण्याचा संभव अधिक. तुटला नाही, तरी आतून ताणला जाऊन कमकुवत होतो आणि हे वरून दिसत नाही. तरफ ही फार उपयोगाची गोष्ट आहे. पण कोठे थांबायचे, हे ती आपल्याला सांगत नाही. ते आपण ठरवायचे असते.

मग मिस्त्रींनी काय केले? त्यांनी आधी तारेच्या ब्रशने सांधा स्वच्छ केला. नटाच्या खाचांत अडकलेली स्प्लिट पिन गंजून मातीच्याच रंगाची झाली होती. ती त्यांनी शोधून काढली. (पुष्कळदा ही पिन न काढताच लोक नटाशी झुंज घेतात!) मग डिझेलमध्ये थोडे इंजिन ऑइल मिसळून ते आट्यांच्या तोंडाशी थेंब थेंब सोडले. येथे केशाकर्षणाचा धडा आला. दिव्याच्या वातीत तेल चढते, टिपकागदात शाई चढते, तसेच पातळ तेल अरुंद फटीत आपोआप ओढले जाते. फट जितकी अरुंद, तितकी ओढ अधिक. पण अरुंद वाटेने जायला वेळही अधिक लागतो. 'रातभर तेल पिऊ द्या' या म्हणण्यामागचे शास्त्र हे. नुसते जाड ग्रीस वरून फासले असते, तर ते वरच बसून राहिले असते.

मग त्यांनी नटाच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून धरला आणि समोरच्या बाजूवर दुसऱ्या लहान हातोड्याने टकटक सुरू केली. बोल्टच्या टोकावर मात्र एकही घाव घातला नाही. टोकावर घाव घातला की आटे चेपतात, आणि मग नट सुटला तरी बाहेर येत नाही. या टकटकीत काय हशील, असे तुम्ही म्हणाल. पोलाद चिवट आहे, पण गंज ठिसूळ आहे. लहान लहान हादऱ्यांनी पोलादाला काही होत नाही, मात्र गंजाला बारीक तडे जातात आणि त्या तड्यांतून तेल आणखी आत शिरते. शत्रूचा ठिसूळपणा ओळखून केलेला हा हल्ला आहे. घनाचा घाव हा शत्रू-मित्र न पाहता केलेला.

दुसऱ्या दिवशी परतताना मी मुद्दाम तेथे थांबलो. मिस्त्रींनी नटाच्या घासलेल्या कोपऱ्यांवर कानस फिरवून तो सारखा केला, त्यावर बरोबर बसणारा रिंग पाना ठोकून बसवला आणि नट सोडवण्याआधी किंचित आवळला! मालक ओरडलाच, "अहो, उलटं काय करता?" पण ते उलटे नव्हते. उद्देश फक्त गंजाची पकड एकदा मोडण्याचा होता. नट केसभर हलला. मग केसभर मागे, पुन्हा केसभर पुढे, मध्ये तेलाचा थेंब. पाचेक मिनिटांत तांबूस तेल बाहेर येऊ लागले आणि नट हाताने फिरू लागला.

येथे दोन बारकावे लक्षात ठेवा. पहिला पान्याचा. जे जुने ट्रॅक्टर ब्रिटिश किंवा अमेरिकी नमुन्यांवरून बनलेले आहेत, त्यांचे नट इंचांच्या मापाचे असतात. नऊ-सोळांश इंच म्हणजे सुमारे १४.३ मि.मी. त्याला १४ चा पाना बसत नाही आणि १५ चा ढिला होतो. नटाचे कोपरे घासले जातात ते पुष्कळदा या पाऊण मिलिमीटरच्या ढिलाईमुळे. दुसरा बारकावा दिशेचा. पुढची दोन्ही चाके बरोबर वळावीत म्हणून त्यांना जोडणारा जो आडवा दांडा असतो, त्याला मिस्त्री लोक टायरॉड म्हणतात. लांबी कमी-जास्त करता यावी म्हणून बऱ्याच टायरॉडच्या एका टोकाला सुलटे, तर दुसऱ्या टोकाला उलटे आटे असतात. हे ठाऊक नसेल, तर सोडवतो आहोत अशा समजुतीने आपण तासभर आवळत बसू! आणि सांधा काढण्यापूर्वी बाहेर दिसणारे आटे मोजून लिहून ठेवावेत. नवा सांधा तेवढाच बसवला नाही, तर चाके आत किंवा बाहेर तोंड करून चालतील आणि टायर अकाली झिजतील.

आता आगीची गोष्ट. ऊष्णता देणे हा उपाय खोटा नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १६ मि.मी. व्यासाच्या नटाचे तपमान २५० अंश सेल्सिअसने वाढवले, तर त्याचे छिद्र सुमारे ०.०५ मि.मी. ने मोठे होते. होय, मोठे! नट तापला की त्याचे छिद्र आक्रसेल, असे अनेकांना वाटते. पण बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार ती तापवतो, ते कशासाठी? कडे तापले की आतली जागाही वाढते. त्या ०.०५ मि.मी.ने गंजाची पकड ढिली होते. मग ज्योत दूर करून आट्यांपाशी मेणबत्ती टेकवली, तर वितळलेले मेण तेलासारखे फटीत ओढले जाते. शेतातल्या नांगराचा किंवा ट्रॉलीच्या फळीचा नट असेल, तर हा उपाय खुशाल करावा.

पण स्टिअरिंगचा सांधा ही निराळी वस्तू आहे. त्याची रचना आपल्या खांद्याच्या उखळीच्या सांध्यासारखी असते. आत एक गुळगुळीत पोलादी गोळी, भोवती ग्रीस, वर रबरी टोपी. लोहार विळ्याला 'पाणी देतो', तसेच कारखान्यात या पोलादाला ठरावीक तपमानाला तापवून, ठरावीक पद्धतीने थंड करून बळकट व चिवट केलेले असते. ते लाल होईपर्यंत तापवले की हे 'पाणी' उतरते. आकार तोच, चकाकी तीच. पण आतले पोलाद ते राहत नाही. शिवाय बंद सांध्यातले ग्रीस तापून उसळू शकते, पेटू शकते. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की स्टिअरिंगचा जो भाग लाल करून किंवा घन मारून काढावा लागला, तो पुन्हा बसवू नये. मुळीच बसवू नये. सगळे उपाय थकलेच, तर छन्नीने किंवा करवतीने नट कापून काढावा. नट गेला तरी चालेल, सांधा ज्या भागात बसतो तो भाग वाचला पाहिजे. आणि स्प्लिट पिन तर दर वेळी नवीनच घालावी. नट कधी ढिला झालाच, तर त्याला गळून पडण्यापासून अडवणारी ती शेवटची राखणदार आहे. तिच्या जागी तारेचा तुकडा किंवा खिळा घालणे म्हणजे राखणदाराच्या जागी बुजगावणे उभे करणे होय.

"एवढे कोण पाहतो? चालून जाते!" असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्यांना मी रोवणीच्या दिवसांतला महामार्ग पाहायला सांगेन. ट्रॅक्टरच्या मागे ट्रॉली, ट्रॉलीत रोवणीला निघालेल्या वीस-पंचवीस बायका आणि शेजारून धावणारे मालट्रक. त्या क्षणी त्या सगळ्यांचा जीव कशावर अवलंबून असतो? बोटाएवढ्या एका बोल्टवर आणि काडीएवढ्या एका पिनेवर. ट्रॉलीत माणसे बसवून नेणे मुळातच धोक्याचे आहे, हे तर खरेच. पण त्या ट्रॅक्टरचे स्टिअरिंग काल लाल करून, ठोकून बसवले आहे, हे त्या बायकांना कोण सांगणार? 'चालून जाते' हे वाक्य उच्चारणाऱ्याला त्याची किंमत नेहमीच द्यावी लागते असे नाही. ती पुष्कळदा दुसऱ्याला द्यावी लागते.

आता मालकाच्या अडचणीकडे पुन्हा वळू. चिखलणी परवावर आली असताना एक रात्र थांबणे जड जाते, हे मला मान्य आहे. पण ही घाई आषाढात का उद्भवली? नट वैशाखात कोणी पाहिला नाही म्हणून! गंजाला पंचांग लागत नाही. तो बारा महिने आपले काम करीत असतो. उन्हाळ्यात ट्रॅक्टर उभा असताना मिस्त्रीकडून सांधे तपासून घेतले, आट्यांवर तेलाचा हात फिरवला, ग्रीस भरले, आणि चिखलणीनंतर पुढचा भाग नुसत्या पाण्याने धुऊन वाळू दिला, तर पुढच्या वर्षी तोच नट साध्या पान्याने सुटतो. ग्रीस काही गंज घालवीत नाही. ते हवा आणि पाणी यांना आट्यांपर्यंत पोहोचूच देत नाही. यात खर्च थोडा, आठवण मात्र मोठी ठेवावी लागते.

कोणी चौकस विद्यार्थी विचारील, "भंडारा तर पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. मग पितळेचेच नट का वापरू नयेत? पितळ गंजत नाही." प्रश्न उत्तम आहे. आणि खरोखरच इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या जोडावर, जेथे उष्णतेमुळे पोलादी नट हटकून जाम होतात, तेथे पुष्कळदा पितळी नट लावलेले आढळतात. पण पितळ पोलादाहून मऊ. स्टिअरिंगचे हिसके सोसणे त्याला झेपणार नाही. तेव्हा पोलादच वापरायचे आणि त्याची निगा राखायची, हाच मार्ग उरतो.

शेवटी एक गाऱ्हाणे आपल्या शाळांविषयी. आपण विद्यार्थ्यांना गंजाचे समीकरण शिकवतो, केशाकर्षण शिकवतो, तरफ, प्रसरण आणि घर्षणही शिकवतो; पण पाच वेगवेगळ्या पाठांत, आणि या पाचांची गाठ एका नटात पडते, हे मात्र सांगत नाही. उलट मिस्त्रींच्या हाताला हे पाचही पाठ येतात. त्यांची नावे मात्र त्यांना कोणी सांगितलेली नसतात. शहापूरपासून फार दूर नसलेल्या वर्ध्यात १९३७ साली शिक्षण परिषद भरली होती आणि हाताच्या कामातून शिक्षण द्यावे, असा विचार गांधीजींनी तेथे मांडला होता. पुढे १९६४ ते १९६६ या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगानेही शालेय शिक्षणात कार्यानुभव असावा, असे सुचवले. तरीदेखील हात काळे करणाऱ्याला आपण 'शिकलेला' म्हणायला अजून कचरतोच. माझ्या मते ज्याला जाम नट न मोडता सोडवता येतो आणि तो का सुटला हे सांगता येते, तो विज्ञानात उत्तीर्ण झाला. यातले एकच येत असेल, तर शिक्षण अर्धे राहिले, मग तो मिस्त्री असो वा पदवीधर.

म्हणून प्रत्येक शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्यांच्या शेजारी गंजलेल्या नट-बोल्टांची एक पेटी असावी, असे मला वाटते. तोवर तुम्ही घरी हा प्रयोग करून पाहा. सारख्या मापाचे चार पोलादी नट-बोल्ट घ्या. ते जस्ताचा मुलामा नसलेले असावेत. एक कोरडा ठेवा, दुसरा साध्या पाण्याने आणि तिसरा मिठाच्या पाण्याने रोज ओला करा. चौथ्याच्या आट्यांना आधी ग्रीस लावा आणि मग तोही रोज मिठाच्या पाण्याने भिजवा. दोन महिन्यांनी चारही सोडवून पाहा. जो अडेल, त्यावर तेल, टकटक आणि वेळ यांचा प्रयोग करा, आणि कशाला किती दिवस लागले याची वहीत नोंद ठेवा. मात्र घरच्या ट्रॅक्टरच्या, मोटारसायकलच्या किंवा सायकलच्या स्टिअरिंगवर हा प्रयोग करू नका. ते काम जाणकार मिस्त्रीचे. त्याच्याजवळ उभे राहून पाहा, आणि 'असे का?' हा प्रश्न मात्र जरूर विचारा.

शहापूरच्या त्या मिस्त्रींनी काढलेला जुना नट मी मागून घेतला. तो माझ्या टेबलावर आहे. एखादे काम अडले आणि हात नकळत घन शोधू लागला, की मी त्याच्याकडे पाहतो.